विमानाऐवजी ड्रायव्हरसकट गाडी: कधी परवडते, बिल कसं बनतं आणि ड्रायव्हर कधी झोपतो?

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवून पाहा. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारापेक्षा जास्त. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, लोक जमिनीवर झोपले आणि उरलेल्या विमानांची तिकिटं आकाशाला भिडली. शेवटी ६ डिसेंबरला केंद्र सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये, आणि पुढे अंतरानुसार वाढत १८,००० पर्यंत.

मुंबई-नागपूर हवाई अंतर ५०० ते १,००० च्या टप्प्यात बसतं. म्हणजे सरकारने लगाम घातल्यावरही एका माणसाला १२ हजारांपर्यंत भाडं, वर कर वेगळा. साधारण तेवढ्याच पैशात मुंबईहून नागपूरला अख्खी गाडी ड्रायव्हरसकट जाते, आणि त्यात चार माणसं बसतात.

विमानांचा तो गोंधळ काही दिवसांत निवळला, पण गाडीचा पर्याय त्याच्या आधीपासून होता आणि आता तो बऱ्याच घरांमध्ये पहिल्यांदा विचारात घेतला जातो. आउटस्टेशन कॅब, वन-वे ड्रॉप, टुरिस्ट गाडी, गावाकडे ‘स्पेशल गाडी’, नावं वेगवेगळी, काम एकच. ती विमानाची जागा खरंच घेऊ शकते का? आणि घेत असेल तर त्या बदल्यात आपण नेमकं काय सोडतो?

आधी घड्याळाचा हिशेब

विमानाचा वेळ तिकिटावर छापलेला असतो, पण तो प्रवासाचा वेळ नसतो. मुंबई-नागपूर उड्डाण दीड तासाचं. अंधेरीत राहणारा माणूस सोडला तर विमानतळ गाठायला तासभर धरा. चेक-इनचा काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, म्हणून माणूस दीड-दोन तास आधी पोचतो. उतरल्यावर बॅग, मग रिक्षा किंवा कॅब. घर ते घर पाच ते साडेपाच तास होतात.

गाडीचं काय? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. आठ तासांत नागपूर असं म्हटलं जातं ते भिवंडीजवळच्या आमण्यापासून. मुंबईतून आमण्यापर्यंत पोचायलाच दीड तास जाऊ शकतो, संध्याकाळी निघालात तर जास्तच. त्यात जेवणाचा, चहाचा, डिझेलचा थांबा. साडेदहा तास धरून चाला.

म्हणजे मुंबई-नागपूरमध्ये वेळेच्या बाबतीत विमान सरळ जिंकतं. पण हे टोकाचं उदाहरण झालं. पुणे-नाशिक घ्या, सव्वादोनशे किलोमीटरच्या आतलं अंतर. इथे विमानाचा विचारच कुणी करत नाही. पुणे ते छत्रपती संभाजीनगर, पुणे-कोल्हापूर, मुंबई-नाशिक, नागपूर-अमरावती हे सगळे निव्वळ गाडीचे रस्ते आहेत. साधारण ३०० किलोमीटरपर्यंत घर ते घर गाडीच लवकर पोचते. ३०० ते ५०० मध्ये बरोबरी असते. मुंबई-कोल्हापूर हे त्याचं चांगलं उदाहरण. कोल्हापूरला विमान आहे, पण दिवसात उड्डाणं मोजकी. त्यांची वेळ तुमच्या कामाशी जुळली तर विमान, नाही तर सकाळी सहाला गाडी काढून दुपारी घरी जेवायला.

राज्यातल्या छोट्या विमानतळांची हीच अडचण आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, सोलापूरहून त्याच वर्षी गोवा आणि मग मुंबई. विमानतळ आहे, धावपट्टी आहे, पण तुमचं काम मंगळवारी असेल आणि विमान त्या दिवशी नसेल तर त्या धावपट्टीचा उपयोग काय? गाडी मात्र फोन केल्यावर दारात येते. महाराष्ट्रात लांबच्या कॅबचा धंदा टिकून आहे तो मुख्यतः यामुळे, वेगामुळे नाही.

आणखी एक कारण आहे, जे कुठल्याच जाहिरातीत नसतं. रात्री अकराला गावाहून फोन येतो, वडील गेले किंवा आजी अत्यवस्थ आहे. रेल्वेचं तिकीट नाही, विमान सकाळी. तेव्हा शहरात राहणारा मुलगा पहिला फोन ओळखीच्या गाडीवाल्याला करतो. अशा वेळी कुणी भाव करत नाही आणि कागदपत्रंही बघत नाही.

बिल कसं बनतं?

बहुतेक भांडणं इथे होतात, म्हणून जरा सावकाश बघू.

लांबच्या गाडीचं भाडं दोन पद्धतींनी लागतं. पहिली जुनी राउंड-ट्रिपची पद्धत. गाडी तुमच्याबरोबर जाणार, थांबणार, परत येणार. यात किलोमीटरचा दर ठरतो आणि सोबत दिवसाला किमान किलोमीटर ठरतात, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३००. म्हणजे तुम्ही तीन दिवस गाडी ठेवली आणि मधल्या दिवशी ती लग्नाच्या हॉलबाहेर उभीच राहिली, तरी त्या दिवसाचे २५० किंवा ३०० किलोमीटर बिलात येतात. पुष्कळ एजन्सी किलोमीटर ‘गॅरेज टू गॅरेज’ मोजतात. मीटर तुमच्या दारात सुरू होत नाही, गाडी जिथे उभी होती तिथून सुरू होतो आणि ती परत तिथे पोचल्यावर थांबतो. हे बुकिंगच्या वेळी विचारलं नाही तर बिल बघून माणूस चकित होतो.

दुसरी पद्धत वन-वे ड्रॉपची. ॲप आणि वेबसाइट आल्यापासून हीच जास्त चालते. नागपूरला सोडलं, संपलं. परतीचं भाडं तुम्ही देत नाही. स्वस्त वाटते आणि असतेही. ही स्वस्ताई येते कुठून, ते पुढे बघू, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

या मूळ भाड्यावर ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीच्या प्रवासाचा वेगळा आकार, टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला प्रवेश कर आणि बहुतेक बिलांवर ५ टक्के जीएसटी लागतो. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणताना यातलं काय धरलंय, हे लेखी घ्यावं. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजसुद्धा पुरतो.

मुंबई-नागपूर ड्रॉपचा एक अंदाजी हिशेब मांडू. घर ते घर ७५० किलोमीटर, दर समजा १३ रुपये. भाडं झालं ९,७५०. समृद्धीचा टोल कारसाठी एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २.०६ रुपये आहे, म्हणजे पूर्ण रस्त्याचे सुमारे १,४४५. ड्रायव्हरचा भत्ता समजा ४००. मूळ भाड्यावर जीएसटी ४८८ च्या आसपास. एकूण १२ हजारांच्या थोडं वर. चौघांत वाटलं तर प्रत्येकी तीन हजार. विमानाचं तिकीट साडेचार हजार धरलं तर चौघांचे १८ हजार होतात, आणि दोन्हीकडच्या कॅबचे पैसे वेगळे. एकटा माणूस असेल तर मात्र गाडीत १२ हजार आणि विमानात साडेचार. दोघे असतील तरी विमानच स्वस्त. तिघांपासून पारडं गाडीकडे झुकायला लागतं.

दर बदलले की आकडे बदलतील, पण गणिताची रीत हीच राहील. विमान माणसं मोजतं आणि गाडी किलोमीटर मोजते.

सामानाचंही तसंच. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची बॅग आणि ७ किलो हातात. गाडीत आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, बाळाचा पाळणा, आजीची व्हीलचेअर सगळं जातं. फक्त एक बघा. सीएनजी गाडी असेल तर टाकी बहुधा डिक्कीत असते आणि दोन मोठ्या बॅगांनाही जागा उरत नाही. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर बुकिंग करतानाच कॅरिअर असलेली गाडी किंवा मोठी गाडी मागा. पहाटे चारला सोसायटीच्या गेटवर हे लक्षात येऊन उपयोग नाही.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

भाड्याने चालणाऱ्या गाडीला पिवळी नंबर प्लेट आणि त्यावर काळी अक्षरं असतात. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी प्लेट आणि पिवळी अक्षरं. काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, तिला पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नसतो.

तरीही पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास धावतात. शेजारच्याची अर्टिगा, मित्राच्या मेव्हण्याची इनोव्हा, ‘डिझेल टाका आणि ड्रायव्हरचं बघा’. स्वस्त पडतं, माणूस ओळखीचा असतो. कायद्याने परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक केल्यास १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण ती झाली गाडीवाल्याची डोकेदुखी. तुमची वेगळी आहे. खासगी गाडीच्या विम्यात भाड्यासाठी केलेला वापर धरलेला नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की गाडी भाड्याने चालली होती का. भरपाईचा दावा तिथे अडकू शकतो, आणि कोर्टात वर्षं जातात.

राज्याबाहेर जायचं असेल तर गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट लागतं. पुणे-हैदराबाद किंवा कोल्हापूर-गोवा ठरवताना हे आधीच विचारा. नाही तर सीमेवर तासभर थांबून दंडाची रक्कम कुणी द्यायची यावर चर्चा होते, आणि उन्हात ती चर्चा फार लांबते.

आता मुद्द्याची गोष्ट: झोप

इंडिगोची विमानं डिसेंबरमध्ये का थांबली होती, ते परत आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि कंपनीकडे तेवढे वैमानिक तयार नव्हते. शेवटी डीजीसीएने कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. प्रवाशांचे हाल झाले, त्याबद्दल वाद नाही. पण वैमानिक किती तास जागा आहे हे मोजणारी एक यंत्रणा देशात आहे, आणि ती न पाळता विमानं उडवणं इतकं सोपं नाही, हेही त्यातून दिसलं.

विमान सोडून तुम्ही गाडीत बसता तेव्हा ही यंत्रणा मागे राहते.

नियम अजिबात नाहीत असं नव्हे. मोटर वाहन कायद्याचं कलम ९१ व्यावसायिक वाहनचालकांच्या कामाच्या तासांसाठी १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टकडे बोट दाखवत आलं आहे. त्या कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या ड्युट्यांमध्ये सलग ९ तासांचा आराम सांगितलेला आहे. (हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे.) पण तो लिहिला गेला पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्या मालकासाठी. एक गाडी, एक कर्ज आणि मालक स्वतःच ड्रायव्हर असेल, तर त्याच्या तासांचा हिशेब कोण ठेवणार? ॲप कंपन्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यात दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉग-इन नको आणि त्यानंतर १० तासांचा ब्रेक हवा असं म्हटलं होतं. ॲप बंद करून फोनवर मिळालेलं भाडं मात्र कुठल्याच ॲपला दिसत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवायला हवेत अशी भूमिका मांडली होती. लांबच्या कॅबलाही ती तितकीच लागू पडते.

आता वन-वे ड्रॉपच्या स्वस्ताईकडे येऊ. तुम्ही परतीचं भाडं देत नाही, कारण ड्रायव्हर परतीचं गिऱ्हाईक तिकडूनच शोधणार असतो. मुंबईहून सकाळी सहाला निघालेला माणूस संध्याकाळी साडेचारला नागपुरात पोचतो. गाडी रिकामी परत नेली तर डिझेल आणि टोल खिशातून. म्हणून तो फोनवर ग्रुप बघत बसतो. रात्री आठला मुंबईचं भाडं मिळालं की तो निघतो. त्या दुसऱ्या प्रवाशाला वाटतं, गाडी स्वच्छ आहे, ड्रायव्हर नम्र आहे, दरही बरा मिळाला. तो माणूस पहाटे चारपासून जागा आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात ही गाडी शिरेल तेव्हा चाकामागचा माणूस चोवीस तास जागा असेल.

त्यात समृद्धी सरळ, रुंद आणि एकसुरी रस्ता आहे. दुचाकी नाहीत, गावं नाहीत, सिग्नल नाही. सुरुवातीच्या काळात पंप आणि खाण्यापिण्याच्या जागाही तुरळक होत्या. अशा रस्त्यावर डोळे उघडे राहूनही मेंदू सुस्त होतो, त्याला ‘हायवे हिप्नोसिस’ म्हणतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली, २५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर हा शब्द मराठी बातम्यांमध्ये रूढ झाला. देशभराचा आकडा त्याहून मोठा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली.

दोष ड्रायव्हरवर ढकलणं सोपं आहे. पण गाडीचा हप्ता, डिझेल, ॲपचं कमिशन आणि आपण घासाघीस करून उतरवलेला दर, हे सगळं त्याला रात्री परत रस्त्यावर आणतं. किलोमीटरला दोन रुपये वाचवताना आपण त्याच्या झोपेतून ते काढतो, हे माझं मत आहे आणि ते अनेकांना आवडणार नाही.

मग बुकिंग करताना काय विचाराल?

गाडी कोणती, एसी आहे का, हे सगळेच विचारतात. त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारा: ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे होता? एजन्सी अडखळली तर समजून जा. गाडी दारात आली की ‘दादा, काल कुठली ट्रिप होती?’ असं सहज विचारलं तर बहुतेक ड्रायव्हर खरं सांगतात. रात्री दोनला पुण्याहून आलो असं उत्तर आलं तर दुसरा ड्रायव्हर मागणं हा उद्धटपणा नाही.

रात्री बारा ते पहाटे पाच शक्यतो टाळा. पहाटे पाचला निघा, मध्यरात्रीला नको. गावाकडून तो फोन आलाच, तर दोन ड्रायव्हर मागा, जादा पैसे पडतील. ते जमत नसेल तर घरातला एकजण पुढच्या सीटवर बसून बोलत राहील असं ठरवा. सगळे मागे झोपले की पुढचाही पेंगतो. दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवा, तुम्हाला चहा नको असला तरी.

मागच्या सीटचा पट्टा हा दुसरा मुद्दा. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यालाही पट्टा बंधनकारक आहे, दंड १,००० रुपये. टुरिस्ट गाड्यांमध्ये सीटकव्हर असं चढवलेलं असतं की मागच्या पट्ट्याचं बक्कल खाली गाडलं जातं. निघण्यापूर्वी ते बाहेर काढून घ्या, ड्रायव्हर मदत करतो.

आरसी, परमिट, विमा आणि पीयूसी मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीच्या नंबरवरून बघता येतात. टायर डोळ्यांनी बघा. गुळगुळीत टायर ओळखायला मेकॅनिक लागत नाही, आणि १२० च्या वेगाला तापलेल्या काँक्रीटवर तो फुटू शकतो. २०१९ पासून नव्या प्रवासी टॅक्सीत लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण बसवणं सक्तीचं आहे. बटण कुठे आहे ते एकट्या जाणाऱ्या बाईने तरी बसल्या बसल्या बघून घ्यावं आणि ट्रिपचं लोकेशन घरी पाठवावं.

राहिला मुक्काम. राउंड-ट्रिपला गेलात तर ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार, हे बहुतेक कुटुंबं ठरवतच नाहीत. त्यांना वाटतं भत्ता दिला म्हणजे झालं. तीनशे-चारशे रुपयांत महाबळेश्वरला किंवा गोव्याला खोली मिळत नाही, म्हणून तो गाडीतच सीट मागे टाकून झोपतो, मे महिन्यात काचा उघड्या ठेवून, डासांत. दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा असतो. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी डॉर्मिटरी असते, बुकिंग करतानाच त्याची चौकशी करा. नसेल तर जवळच्या लॉजचे पाचशे-सातशे रुपये प्रवासाच्या खर्चात आधीच धरून ठेवा, आणि सकाळी निघायची वेळ त्याच्या झोपेचा हिशेब करून सांगा.